वणव्याचा फोटो छापलात, आता दुसऱ्या सकाळचाही छापा

प्रति,
माननीय संपादक,

विषय : पान तीनवरील 'अग्निमाला' या छायाचित्राबद्दल

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात पान तीनवर चार कॉलमी रंगीत फोटो आला होता. काळाकुट्ट डोंगर, त्यावर वळणं घेत गेलेली केशरी रेघ आणि खाली ओळ : 'येऊरच्या डोंगराने ल्याली अग्निमाला!' छायाचित्रकाराच्या नावाच्या जागी 'सौजन्य : सोशल मीडिया' एवढंच. तो फोटो माझा आहे. मानधन मागायला किंवा नाव छापून आणायला हे पत्र लिहीत नाही (नाव आलं असतं तर घरात माझे चार दिवस बरे गेले असते, ते सोडा). त्या फोटोत बरंच खोटं आहे आणि त्यातलं निम्मं माझं आहे, ते सांगायला लिहितो आहे.

ठाण्यात वर्तकनगरला माझं फोटोचं दुकान आहे. दिवसा पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन आणि सीझनला लग्नं. याशिकाच्या रोलवाल्या कॅमेऱ्यावर शिकलो, आता निकॉनची डिजिटल बॉडी वापरतो. लग्नांचा सीझन आणि वणव्यांचा सीझन एकच, हे ठाण्यातल्या कुठल्याही लग्नवाल्या फोटोग्राफरला ठाऊक असतं. हॉलमधून निघायला रात्रीचे बारा-साडेबारा होतात आणि घोडबंदर रोडने परत येताना उजव्या हाताला नॅशनल पार्कचा डोंगर असतो. फेब्रुवारीपासून तिकडे बघायची सवयच लागते.

त्या शनिवारी कासारवडवलीजवळच्या हॉलमध्ये रिसेप्शन होतं. नवरीचे मामा सापडत नव्हते म्हणून शेवटचा ग्रुप फोटो अर्धा तास रखडला. मामा पार्किंगमध्ये फोनवर बोलत होते. बॅगा भरून मी आणि असिस्टंट स्कूटरवरून निघालो. वाघबीळ सोडलं आणि मेट्रोच्या दोन खांबांच्या मधून डोंगर पेटलेला दिसला.

मी सर्व्हिस रोडला गाडी लावली, ट्रायपॉड उघडला. पहिली फ्रेम १२ वाजून ५२ मिनिटांची आहे आणि फोन केल्याची वेळ, मोबाइलमध्ये तशीच आहे, १ वाजून १८ मिनिटं. मधल्या सव्वीस मिनिटांत मी एक्केचाळीस फ्रेम घेतल्या आणि एकदा लेन्स बदलली. असिस्टंट पोरगा एकदा म्हणालाही, "काका, कुणाला तरी कळवायला नको का?" मी म्हणालो, "थांब, धूर जरा सरू दे." धूर सरण्याची वाट मी फोटोसाठी बघत होतो. त्या वेळात वणवा काय करत होता हे आता तुम्हीच ताडा.

फोन केला तेव्हा वेगळीच फजिती झाली. पलीकडून साधा प्रश्न आला, "नेमकं कुठे?" आणि तीस वर्षं ठाण्यात काढलेल्या माणसाला उत्तर देता येईना. "घोडबंदर रोडला... उजव्या बाजूला... डोंगरावर." डोंगर बारा किलोमीटर लांब आहे! कॅमेऱ्याचा आयएसओ किती, अ‍ॅपर्चर किती, मी झोपेत सांगेन. पण आग कुठल्या सोसायटीच्या मागे आहे, वर चढते आहे की खाली उतरते आहे, जवळची वाट कुठली, यातलं काही मी पाहिलंच नव्हतं. शेवटी पोरानेच समोरच्या टॉवरचं नाव वाचून सांगितलं.

आता फोटोबद्दल. शटर तीस सेकंद उघडं होतं. तीस सेकंदांत जी जी ज्वाला उठली आणि विझली तिने आपापली खूण फोटोवर सोडली, शिवाय आगीची रेघ तेवढ्या वेळात थोडी पुढेही सरकली. म्हणजे गुडघाभर उंचीची, मधेमधे तुटलेली आग फोटोत सलग, जाड, नदीसारखी झाली. लेन्स दोनशे मिलिमीटरवर होती. एवढ्या टेलिफोटोने मागचं पुढे येतं आणि अंतर चेपतं, त्यामुळे डोंगर टॉवरच्या गच्चीला टेकलेला दिसतो. नाशिकच्या मावसबहिणीचा घाबरून फोन आला, "तुमच्या बिल्डिंगपर्यंत आली का रे आग?" माझी बिल्डिंग तिथून काही किलोमीटर लांब आहे. आणि घरी आल्यावर, हे लिहिताना मान खाली जाते, मी कॉम्प्युटरवर केशरी रंग थोडा ओढला. लग्नात मेंदीला ओढतो तसा.

त्याच रात्री मी एक फ्रेम शटर पंधरांश सेकंदावर ठेवून, आयएसओ वाढवून घेतली होती. डोळ्याला जे दिसत होतं ते तिच्यात बरंचसं तसं आलं आहे : मळकट लाल ठिपके, कुठे जोडलेले, कुठे तुटलेले, वर करडा धूर. उदबत्त्यांची टोकं वाटतील. ती फ्रेमही मी आधीच्या फोटोबरोबर एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली होती. तिला एकही अंगठा आला नाही. पुढे पाठवली गेली ती 'नदी'च, आणि तीच फिरत फिरत आपल्या टेबलावर आली असावी.

आपल्याकडे आल्यावर तिची खालची पट्टी कापली गेली. त्या पट्टीत मेट्रोचे खांब होते, सर्व्हिस रोडवरचा चहाचा बंद ठेला होता, टॉवरचे दिवे होते. म्हणजे आग किती मोठी आणि कुठे हे सांगणारं सगळं तिथेच होतं. उरला तो डोंगर कुठलाही असू शकतो. 'येऊर' हेसुद्धा अंदाजाने लिहिलेलं आहे, येऊर गाव त्या जागेपासून बरंच दक्षिणेला राहतं.

'माला' या शब्दाबद्दल माझं भांडण जास्त आहे. डोंगरावर आग दिवसा वर धावते, कारण ज्वाला वरच्या गवताला आधीच तापवून सुकवते आणि वारंही चढणीचं असतं. रात्री हवा गार होऊन उताराने खाली वाहू लागते, मग तीच आग बारीक होऊन हळूहळू खाली सरपटते. तेव्हाच ती आपल्याला रस्त्यावरून माळेसारखी दिसते. माळेच्या वरचा काळा भाग आणि खालचा काळा भाग फोटोत एकसारखा येतो, पण वरचा जळून गेलेला असतो आणि खालचा अजून उभा असतो. डोंगराने काही ल्यालेलं नसतं.

रविवारी सकाळी एका ओळखीच्या वनरक्षकाबरोबर मी त्या उतारावर गेलो. ड्रोन घरीच ठेवला. लग्नासाठी घेतलेला ड्रोन माझ्याकडे आहे आणि दोन मित्रांनी 'वरून काय शॉट येईल!' म्हणून टुमणं लावलं होतं. राष्ट्रीय उद्यानावर परवानगीशिवाय तो उडवता येत नाही, येऊरला हवाई दलाचं ठाणं आहे, आणि आधीच हादरलेल्या पाखरांवर ते घोंघावणारं यंत्र सोडायचं मला तरी जमणार नाही.

जळक्या जमिनीचा फोटो काढणं हे वणव्याच्या फोटोपेक्षा अवघड आहे. कॅमेऱ्याच्या मीटरला काळा रंग कळत नाही, तो प्रत्येक गोष्ट करडी करायला बघतो. त्याच्यावर सोडलं तर राख धुतलेल्या सिमेंटसारखी येते. काळा सूट घातलेल्या नवरदेवाचं जे करतो तेच इथे करावं लागलं, एक्स्पोजर दीड स्टॉप खाली, म्हणजे फोटो मुद्दाम गडद. मग राख राखेसारखी आली. कारवीचे सोट जळून काड्या उरल्या होत्या. दर सात-आठ वर्षांनी फुलणारी ही कारवी. तिचा फुलोरा बघायला माणसं लांबून येतात, पण त्यामधल्या वर्षांत तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. एक पडलेलं सागाचं खोड आतून अजून धुमसत होतं, बाहेरून गार, वनरक्षकाने काठीने फोडल्यावर आत लाल. बुटाच्या तळव्याला ऊब लागत होती. आणि सगळीकडे गोगलगायींचे शंख. काळ्या जमिनीवर पांढरेशुभ्र, शेकड्याने. मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. एवढे शंख या डोंगरात असतात हेच मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, कारण एरवी ते गवतात असतात.

उतार संपतो तिथल्या खडकाळ मोकळीवर टिटवीची जोडी एकाच जागेवर ओरडत घिरट्या घालत होती. टिटवी जमिनीवर अंडी घालते, रातवा हा रात्री उडणारा पक्षीही. मी ती जागा शोधायला गेलो नाही. लांबूनच एक फोटो घेतला, त्यात टिटवी नीट आलेली नाही.

बाकी सापडलं ते म्हणजे वितळून गोळा झालेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, थर्माकोलच्या डिशच्या कडा, केकवर लावतात तसल्या फुलझडीची तार. म्हणून आग वाढदिवसवाल्यांनीच लावली असं मी म्हणणार नाही. गवताला लवकर कोंब फुटावा म्हणून पेटवणारे असतात, शिकारीसाठी पेटवणारे असतात, विडी टाकून जाणारे असतात. आग कुणी लावली हे माझ्या एक्केचाळीस फ्रेमपैकी एकीतही दिसत नाही, तेव्हा त्यावर मी गप्प. एवढं मात्र पाहिलं आहे : 'पाड्यावरच्यांचंच काम' असं आपण गॅलरीत उभं राहून बोलतो, आणि त्या रात्री पावणेदोनच्या सुमारास हातात हिरव्या फांद्या घेऊन वर चढलेली पाच-सहा पोरं पाड्यावरचीच होती. त्यांचाही फोटो आहे माझ्याकडे. हललेला. तोही कुणी पुढे पाठवला नाही.

संपादक महोदय, माझं गाव माण तालुक्यात आहे. सातारा जिल्ह्याचा हा दुष्काळी पट्टा आहे, माणगंगेत वर्षातले बरेच महिने वाळूच असते. दर मे महिन्यात मी तिकडे आठ दिवस कॅमेरा घेऊन फिरतो. लोक विचारतात, तिथे फोटो काढण्यासारखं काय आहे? उजेड आहे! ठाण्याच्या दमट हवेत डोंगर नेहमी दुधाळ दिसतो, तिथे कोरड्या हवेत लांबच्या टेकडीवरचं एकटं बाभळीचं झाड सुईसारखं टोकदार येतं. सकाळी सातला शिखर शिंगणापूरच्या पायऱ्यांवर सावल्या कशा पडतात, म्हसवडच्या सिद्धनाथाच्या देवळाचा दगड संध्याकाळी कसा तापल्यासारखा दिसतो, हे मी पंधरा वर्षं काढतो आहे आणि अजून मनासारखं आलेलं नाही. बोडक्या टेकड्यांना लपवायला हिरवळ नसते. त्यांचा आकार जसाच्या तसा मिळतो.

पण तिथे कुसळीच्या माळाला आग लागली तर कुणी कॅमेरा काढत नाही, मीसुद्धा नाही. कारण ते गवत कुणाच्या तरी गायीचं असतं. किती भारे गेले हे पाहणाऱ्याला बसल्या जागी सांगता येतं. २०१९ च्या उन्हाळ्यात म्हसवडला चारा छावणी होती, जनावरं घेऊन माणसं तिथेच मुक्कामाला होती. ज्याने ते पाहिलं त्याला पेटलेलं गवत 'नयनरम्य' वाटणं शक्य नाही. वडील दिवाळीनंतर गवत कापून झालं की, आग पलीकडे जाऊ नये म्हणून, माळाच्या कडेने दोन हात रुंदीचा जाळपट्टा काढायचे, सगळं साफ, एक काडी ठेवायची नाही. वनखातं जाळरेषा काढतं ती हीच गोष्ट मोठ्या मापाने. अर्थात आमच्याकडचे लोकही काही संत नाहीत. बांध पेटवून घरी जेवायला जाणारे आहेत आणि त्यातले एक माझे सख्खे चुलते आहेत. तेवढ्या एका वेळी मी कॅमेरा काढला होता. तो फोटो मी त्यांना अजून दाखवलेला नाही.

घोडबंदर रोडच्या डोंगरावरचं गवत आपल्यापैकी कुणाच्याच गायीचं नाही. म्हणून तो आपल्याला सीन वाटतो. मागच्या महिन्यात तर एका जोडप्याने प्री-वेडिंगसाठी विचारलं, "सर, तो जळलेला पॅच आहे ना, तिथे ब्लॅक थीम करू या का? आम्ही व्हाइट घालतो." मी त्यांना उपवनला नेलं. मुलीने पांढराच ड्रेस घातला होता, तळ्याच्या कठड्यावर छान दिसला. फोटो त्यांना आवडले, मला पैसे मिळाले.

वणव्याचा फोटो काढूच नका, असं मी म्हणत नाही. उलट तो फार कामाचा आहे, फक्त आपण तो कामाला लावत नाही. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहावरून आगीच्या सूचना येतात, कुणीही नाव नोंदवलं तर त्या मोबाइलवर मिळतात. पण ज्या उपग्रहांवर ३७५ मीटरच्या चौकोनात आग टिपणारं उपकरण आहे ते आपल्या डोक्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. संध्याकाळी सातला लागलेली आणि अकराला विझलेली गवताची आग त्यांच्या दोन फेऱ्यांच्या मध्येच संपून जाऊ शकते. तिचा पुरावा असतो तो गॅलरीतून कुणीतरी काढलेला फोटो. त्यात वेळ आणि जागा असेल तर. आपण तो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा टाकतो, आणि फोटोच्या पोटातली वेळ, तारीख, जागा सगळी गळून पडते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ती माहिती टिकते. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगतो. पासपोर्ट फोटोला आलेले काका माझ्याकडे संशयाने बघतात.

आणि फोटोच्या आधी फोन. वनखात्याचा टोल फ्री नंबर १९२६, अग्निशमनचा १०१. नंबर लागला की कुठल्या इमारतीच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी की माथ्याशी, आग वर जाते आहे की खाली, वारा कुठून, एवढं सांगायचं. तीस सेकंद लागतात. माझ्या एका फ्रेमएवढा वेळ.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. उन्हाळी छायाचित्र स्पर्धेच्या आपल्या जाहिरातीत 'निसर्गाची रूपं' या विषयाखाली वणवाही दिलेला पाहिला. तो काढून टाका. 'फ्रेम चांगली मिळावी म्हणून' काडी ओढणारा एखादा महाभाग निघणारच नाही याची खात्री मी माझ्या धंद्यातल्या माणसांबद्दल देऊ शकत नाही. नवरा-नवरीला तीनदा हार घालायला लावणारी माणसं आहोत आम्ही. राष्ट्रीय उद्यानात आग लावणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि राखीव वनासाठी १९२७ चा वन कायदा आहेच, पण स्पर्धेचा निकाल लागल्यावर कायदा दाखवून गवत परत येत नाही.

दुसरी विनंती अशी की वणव्याचा फोटो छापलात तर त्याखाली जागा, वेळ आणि शटर किती वेळ उघडं होतं ते छापा. कापू नका. आणि त्याच जागेचा दुसऱ्या सकाळचा फोटो तेवढ्याच चार कॉलमांत, त्याच पानावर छापा. काळा रंग वर्तमानपत्राच्या कागदावर घाण येतो, शाई हाताला लागते, हे मला ठाऊक आहे. येऊ द्या.

सोबत दोन फोटो पाठवत आहे, अर्थात डॉक्युमेंट म्हणून. ओळी मी लिहिल्या आहेत, त्या तशाच ठेवाव्यात.

पहिला : 'वाघबीळ ते मानपाडा यांच्या दरम्यानचा डोंगर, घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडवरून. रात्री १२ वाजून ५८ मिनिटं. शटर १/१५ सेकंद. आग उतारावरून खाली येत होती. छायाचित्रकाराने अजून फोन केलेला नव्हता.'

दुसरा : 'तीच जागा, रविवार, सकाळी ७ वाजून १० मिनिटं. पांढरे ठिपके गोगलगायींच्या शंखांचे.'

(कॅमेऱ्याचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे होतं, हे मला नंतर कळलं. वर दिलेल्या वेळा मोबाइलशी ताडून दुरुस्त केलेल्या आहेत.)

तिसऱ्या फोटोसाठी त्या खडकावर चुन्याची खूण करून आलो आहे, ट्रायपॉडचा एक पाय तिथे येईल. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की काढून पाठवतो.

आपला,
एक छायाचित्रकार वाचक
वर्तकनगर, ठाणे (प.)
(नाव व पत्ता फक्त संपादकांसाठी वेगळा दिला आहे.)